लहान होडीने मुक्कामी जाताना रात्रीची जागा कशी शोधावी

तुमच्याकडे पाचेक मीटरची, शीड आणि वल्ही दोन्ही असलेली होडी आहे. सेंटरबोर्ड, म्हणजे बुडाखालची वर-खाली होणारी फळी, वर घेतला की ती गुडघाभर पाण्यातही तरंगते. आता दिवसाच्या फेऱ्यांऐवजी तीन-चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आहे. तुमची अडचण अशी, की सागरी नकाशावर नांगराचं चिन्ह असलेल्या दोन जागा तुम्ही निवडल्या. एका ठिकाणी वारा नसतानाही होडी रात्रभर डोलत राहिली आणि दुसरीकडे मोठ्या नौकांची गर्दी होती. मग होडी नांगरायला आणि पुळणीवर तंबू टाकायला जागा शोधायची कशी, असं तुम्ही विचारलं आहे.

ती नांगराची चिन्हं तुमच्या होडीसाठी नाहीतच. नकाशावरच्या आणि मार्गदर्शिकांमधल्या शिफारशी पाण्याखाली दीड-दोन मीटर बूड असलेल्या नौका डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्या नौकांना खोल पाणी लागतं, नांगराभोवती फिरायला ऐसपैस जागा लागते आणि आत-बाहेर करायला रुंद तोंड लागतं. रुंद आणि खोल तोंडातून नौका आत येते तशी समुद्राची लाटही येते. तुमच्या होडीला वीस-तीस सेंटिमीटर पाणी पुरतं, हेच तुमचं भांडवल आहे. म्हणून मोठ्या नौका जिथे नजरही टाकत नाहीत तिथे बघा: वाळूच्या दांड्यामागचं उथळ पाणी, खाडीच्या आतले फाटे, खडकांच्या रांगेमागची खोबण, ओहोटीला कोरडा पडणारा चिखलाचा पट्टा. नकाशावर ओहोटीला उघडे पडणारे भाग बहुधा हिरवे दाखवतात आणि तिथल्या आकड्यांखाली रेघ असते. रेघ असलेला आकडा खोली सांगत नाही. नकाशाच्या शून्य पातळीपेक्षा, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपेक्षा, ती जमीन किती वर आहे ते सांगतो. बहुतेक जण हा हिरवा रंग दिसला की दूर राहतात. मी शोध तिथूनच सुरू करते.

नकाशा उघडण्याआधी डोक्यातून एक कल्पना काढून टाका. ‘सुरक्षित जागा’ अशी कायमची जागा नसते. जागा कोणत्या तरी दिशेच्या वाऱ्यापासून, पाण्याच्या कोणत्या तरी पातळीपर्यंत आणि एखाद्या रात्रीपुरती सुरक्षित असते. तीच खोबण मंगळवारी तळ्यासारखी शांत आणि गुरुवारी राहण्याच्या लायकीची नाही, असं सर्रास होतं. त्यामुळे ‘ही जागा चांगली आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. आज रात्री वारा कुठून येणार, तो केव्हा आणि कुठे फिरणार, लांबची लाट कोणत्या दिशेची आहे आणि मध्यरात्रीच्या भरतीला पाणी किती चढणार, या चारही प्रश्नांची उत्तरं हातात असतील तरच जागेबद्दल काही बोलता येतं.

घरी बसून करायचं पहिलं काम सोपं आहे. मनात असलेल्या जागेवर पेन्सिलीने टिंब करा आणि आठही दिशांना रेघा ओढा. प्रत्येक रेघ जमिनीला किती अंतरावर टेकते ते लिहा. हे मोकळ्या पाण्याचं अंतर जितकं जास्त, तितकी वाऱ्याला लाट उभी करायला जागा जास्त. माझा स्वतःचा नियम असा, की रात्री ज्या दिशेने वारा अपेक्षित आहे त्या दिशेला दोन किलोमीटरांपेक्षा जास्त मोकळं पाणी असेल तर ती जागा त्या रात्रीपुरती बाद. पाचशे मीटर असेल तर चांगला वाराही होडीला फक्त हलवतो, त्रास देत नाही. ज्या दिशा उघड्या आहेत त्या बाजूंना टिंबाभोवती रंग भरा. पंचवीस-तीस किलोमीटरच्या किनाऱ्यावर अशी दहा-बारा टिंबं झाली की नकाशाच बोलायला लागतो: ही जागा पश्चिमेच्या वाऱ्याला, ती उत्तरेच्या, आणि ही एकच अशी जी जवळपास कुठल्याही वाऱ्याला चालेल. ती शेवटची जागा आधी पाठ करा.

आता तुमची डोललेली रात्र. वारा नव्हता आणि तरी होडी डोलली, म्हणजे ती स्वेल होती; दूरच्या वादळाने उठवलेली आणि शेकडो किलोमीटर चालत आलेली लांब लाट. भूशिराच्या आड गेलं की लाट थांबते हा समज जवळच्या वाऱ्याने उठलेल्या आखूड लाटांपुरता बऱ्यापैकी खरा आहे. स्वेल वेगळी वागते. लाटेला तळ जाणवू लागतो तो साधारण तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, आणि तळ जाणवला की ती उथळ बाजूकडे वळते. चार सेकंद कालावधीच्या (म्हणजे लागोपाठचे दोन माथे चार सेकंदांनी येणाऱ्या) लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे पंचवीस मीटर असते, म्हणजे बारा-तेरा मीटर खोलीपर्यंत ती सरळच येते. दहा सेकंदांच्या लाटेची लांबी होते जवळपास १५६ मीटर आणि चौदा सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरांच्या वर. असली लाट किनाऱ्यापासून फार दूरच वळू लागते, भूशिराला वळसा घालते आणि मागच्या खोबणीत शिरते. म्हणून हवामानाच्या अंदाजात लाटेची उंची बघून थांबू नका, कालावधी बघा. एक मीटर उंचीची पाच सेकंदांची लाट भूशिरामागे जवळपास मरते. तेवढ्याच उंचीची चौदा सेकंदांची लाट तुम्हाला रात्रभर जागं ठेवते. त्यात अंदाजातली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट येणं ही नेहमीची गोष्ट आहे.

स्वेल असलेल्या दिवशी भूशिराच्या आडोशावर विसंबू नये. त्या दिवशी लागतं अरुंद तोंड, किंवा दोनदा वळण घेणारी वाट, किंवा समोर आडवा पडलेला उथळ दांडा. लाट दांड्यावर फुटते आणि तिची ताकद तिथेच संपते.

पण या दांड्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण लहान होडीवाले फसतात ते इथेच. संध्याकाळी तुम्ही ओहोटीच्या सुमाराला पोहोचता. दांडा उघडा आहे किंवा वीतभर पाण्याखाली आहे, बाहेर लाटा फुटताहेत आणि आत पाणी आरशासारखं आहे. तुम्ही नांगर टाकता, जेवता, झोपता. सहा तासांनी दांड्यावर अडीच मीटर पाणी आहे आणि बाहेरची लाट त्यावरून सरळ आत चालत येते आहे. निसर्गाने दिलेला बांध बुडालेला आहे, तोही अंधारात, तुम्ही गाढ झोपेत असताना. म्हणून दांड्यामागची किंवा खडकांच्या रांगेमागची जागा तपासताना तिची उंची रात्रीच्या भरतीच्या आकड्याशी ताडून बघा. नकाशावर दांड्याचा रेघ असलेला आकडा १.२ आहे आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यात रात्रीची भरती ३.४ आहे, तर मध्यरात्री त्यावर २.२ मीटर पाणी असणार. बाहेर लाट नसेल तर काही बिघडत नाही. लाट असेल तर दुसरी जागा शोधा, किंवा अशी जागा घ्या जिथे दांड्याच्या मागे आणखी एक वळण आहे.

याच कारणासाठी लहान होडीच्या मुक्कामाला मी भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत जाणं पसंत करते. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, प्रवाह मंद असतात, बांध फारसे बुडत नाहीत आणि होडी फार वर-खाली होत नाही. उधाण येतं अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. आणखी एक उपयोगी गोष्ट म्हणजे एकाच ठिकाणी उधाणाची मोठी भरती घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला येते, महिना कोणताही असो. तुमच्या किनाऱ्यावर ती वेळ दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास आहे की सकाळ-संध्याकाळ सहाच्या, हे एकदा कळलं की चंद्राकडे बघून मुक्कामाच्या वेळा ठरवता येतात.

मधल्या वेळेचं पाणी काढायला बाराव्या भागाचा नियम चालतो. भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक असे बारावे भाग चढतं. फरक ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं किंवा जातं, आणि होडी अडकते ती बहुतेक वेळा याच दोन तासांत. जिथे दिवसाला एकच भरती येते किंवा भरतीची चाल विचित्र आहे, तिथे हा नियम लावू नका. इंग्लंडच्या दक्षिणेला सोलेंटमध्ये तर साउदॅम्प्टनजवळ भरतीचा माथाच दोनदा येतो.

वाऱ्याचं बघताना वेगापेक्षा दिशेतला बदल महत्त्वाचा. हवामान स्थिर असलं तर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे हा खेळ चालतो: सकाळी उशिरा समुद्राकडून वारा उठतो, दुपारनंतर जोर धरतो, सूर्यास्ताला पडतो आणि पहाटेच्या आधी जमिनीकडून हलका वारा वाहू लागतो. अशा दिवसांत समुद्राकडे उघडी पुळणही रात्री चालून जाते. वाताग्र, म्हणजे थंड आणि उबदार हवेमधली सीमा, येत असेल तेव्हा मात्र वारा काही मिनिटांत साठ-नव्वद अंश फिरू शकतो. उत्तर गोलार्धात शीत वाताग्र गेलं की नैऋत्येचा वारा बहुधा वायव्येला जातो, दक्षिण गोलार्धात वायव्येचा नैऋत्येला. संध्याकाळी उत्तम वाटलेला आडोसा पहाटे सरळ वाऱ्याच्या तोंडावर येतो तो असा. जागा निवडायची ती पहाटे तीनच्या वाऱ्यासाठी. संध्याकाळी सहाचा वारा तुम्ही जागे असताना सोसता येतो. अंदाजातला वेग सरासरी असतो हेही लक्षात ठेवा. झोत त्याहून चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतात, असं ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं आपल्या सागरी अंदाजांबरोबरच बजावतं.

उंच कड्याच्या पायथ्याशी वारा लागणार नाही असं वाटतं. प्रत्यक्षात कड्यावरून कोसळणारे झोत कधी इकडून कधी तिकडून येतात, होडी नांगराभोवती गरगरते आणि दोर नांगरात गुंततो. उंच डोंगरउतारांवरून तर निरभ्र, थंड रात्रीही जड हवा खाली घसरते. मला कड्यापेक्षा बुटकी, झाडी असलेली जमीन कधीही पसंत. झाडी वारा पूर्ण अडवत नाही, गाळून मवाळ करते, आणि तो आडोसा झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत जाणवतो.

इथे होडी आणि तंबू यांच्या गरजा वेगळ्या करून पाहा. होडीला सपाट पाणी हवं. नांगर नीट बसला असेल तर वारा तिला फारसा छळत नाही. तंबूला वाऱ्यापासून आडोसा हवा. लाटेशी त्याला कर्तव्य नाही. बुटका, उघडा वाळूचा दांडा होडीत झोपणाऱ्याला छान, तंबूवाल्याला वाईट. दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळाल्या तर उत्तमच, पण नाही मिळाल्या तर आज कुठे झोपायचं हे आधी ठरवा आणि त्याप्रमाणे जागा निवडा. म्हणून मी होडीवर ताणायचं कापडी छत आणि तंबू दोन्ही बरोबर ठेवते.

उपग्रह-चित्रांचा वापर बहुतेक जण वाळू कुठे आहे ते बघण्यापुरता करतात. त्यांतून त्याहून जास्त मिळतं. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं लावून बघा. पांढऱ्या फेसाचा पट्टा प्रत्येक चित्रात कुठे आहे आणि कुठे कधीच नाही? लांब पुळणीच्या एका कोपऱ्यात फेस पातळ होत होत नाहीसा होतो. तो कोपरा उतरण्याची जागा. खडकाळ पट्ट्यात एखादी फेस नसलेली चीर दिसली तर ती खोल वाट असू शकते. ओढ्याच्या मुखासमोर प्रवाळाच्या भिंतीत बरेचदा फट असते, कारण गोड्या पाण्यात आणि गाळात प्रवाळ वाढत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं दहा मीटरच्या बारकाव्याची असली तरी ती दर काही दिवसांनी मिळतात आणि फुकट असतात. वाळूचे दांडे एका पावसाळ्यात किंवा एका वादळात सरकतात, त्यामुळे ताजं पण धूसर चित्र जुन्या सुरेख चित्रापेक्षा मोलाचं.

नकाशावरही आंधळा विश्वास नको. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याची मोजणी अनेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकात, दोरीला शिसं बांधून केलेली आहे, कारण मोठ्या जहाजांना तिथे काम नव्हतं. कागदी नकाशावर मोजणी कोणत्या सालची आहे ते दाखवणारी लहान आकृती अनेकदा असते, ती वाचा. पांढऱ्या कागदाचा अर्थ ‘खडक नाही’ असा होत नाही, ‘कोणी मोजलं नाही’ असाही होऊ शकतो. प्रवाळाच्या भागात सूर्य उंच आणि पाठीमागे असताना, ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून, एकाने नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभं राहूनच आत शिरावं.

तळ कसा आहे हेही नकाशाच सांगतो. आकड्यांजवळच्या रोमन अक्षरांत ‘एस’ म्हणजे वाळू, ‘एम’ चिखल, ‘आर’ खडक, ‘डब्ल्यूडी’ शेवाळ किंवा गवत. वाळू आणि घट्ट चिखल उत्तम. दाट शेवाळावर नांगर बसल्यासारखा वाटतो आणि झोत आला की गवताची पेंढी घेऊन वर येतो. शिवाय समुद्री गवताची कुरणं नांगराने उखडली जातात आणि भरून यायला वर्षं घेतात, म्हणून त्यांतला वाळूचा मोकळा तुकडा शोधून तिथेच नांगर टाका. स्वच्छ पाण्यात तो फिकट दिसतो. लहान होडीबरोबर बरेचदा छत्रीसारखा मिटणारा चार नख्यांचा नांगर विकला जातो. तो खडकात अडकवायला ठीक, वाळूत रात्रीसाठी नाही. डॅनफोर्थ पद्धतीचा चपट्या पात्यांचा किंवा कुदळीसारख्या पात्याचा आधुनिक नांगर घ्या आणि त्याला तीन-चार मीटर साखळी लावा.

दोर किती सोडायचा हे भरतीच्या खोलीवरून ठरवा आणि त्यात पाण्यापासून नाळेची उंची धरा. ओहोटीला एक मीटर पाणी, भरतीला त्यात तीन मीटर भर आणि नाळ अर्धा मीटर उंच, म्हणजे साडेचार मीटर. दोर जास्त आणि साखळी थोडी असेल तर त्याच्या सातपट, म्हणजे एकतीस-बत्तीस मीटर. शांत रात्री पाचपट पुरतो. ओहोटीला एवढ्या दोरावर होडी जवळपास तीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरेल आणि त्या वर्तुळात एकही खडक नको, हे बघायला विसरू नका. नांगर टाकल्यावर उलटं वल्हवून तो ताणून बघा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून दहा मिनिटं लक्ष ठेवा.

खाडीचे आतले फाटे लहान होडीसाठी माझ्या मते सर्वांत भरवशाची जागा. लाट तिथे पोहोचतच नाही. पण दर सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि नांगरावर ओढ उलट्या दिशेने येते, म्हणून अरुंद फाट्यात एक नांगर पुढून आणि एक मागून टाकावा. मुखाशी वाळूचा उंबरठा असेल तर ओहोटीचं पाणी बाहेर पडताना समोरून येणाऱ्या स्वेलला भिडतं आणि लाटा उभ्या भिंतीसारख्या फुटतात. अशा मुखातून भरतीच्या उत्तरार्धातच आत जा. बाहेर पडायलाही तोच नियम, म्हणजे सकाळची भरती किती वाजता आहे त्यावर दुसऱ्या दिवसाचा बेत ठरतो. जिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, जसा ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा, तिथे खाडीचे फाटे आणि पाण्यालगतची पुळण दोन्ही मुक्कामाला वर्ज्य.

ओहोटीला होडी तळावर बसू देणं हा मुक्कामाचा फार सुखाचा प्रकार आहे. होडी स्थिर, झोप शांत. अट एकच, तळ सपाट हवा आणि त्यात दगड नकोत. शक्य असेल तर ओहोटीला तो पायाने चालून बघा. होडी बसताना आणि उठताना अर्धा तास लाट असेल तर बूड आपटतं, म्हणून हे अगदी शांत पाण्यातच. आणि तिथी बघा. उधाणाच्या माथ्यावर होडी टेकली तर पुढची प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा कमी येते. पाणी होडीपर्यंत पोहोचत नाही आणि पुढच्या उधाणाची, म्हणजे जवळपास दोन आठवड्यांची, वाट बघावी लागते. भरती दिवसागणिक वाढत असताना हा धोका नसतो.

पुळणीवर उतरायचं तर आधी उतार बघा. पन्नासाला एक असा सपाट उतार आणि ३.६ मीटरचा फरक, म्हणजे ओहोटीला पाणी १८० मीटर दूर जातं. दोनशे किलोची सामानाने भरलेली होडी तेवढी कोणी ओढत नाही. आठाला एक असा उतार असेल तर हेच अंतर तीस मीटरच्या आत येतं, पण उभ्या पुळणीवर लाट एकदम काठावर आदळते आणि होडी आडवी झाली तर भरते. गोटे असलेली पुळण जवळपास नेहमी उभी असते. मला मधल्या उताराची, भूशिराच्या आडोशातल्या कोपऱ्याची पुळण लागते, आणि होडी मी वर ओढत नाही. नांगराच्या साखळीला कप्पी बांधते, तिच्यातून दोराचा अखंड फेर घेते, होडी त्या फेराला अडकवते आणि काठावरून दोर ओढून तिला खोल पाण्यात पाठवते. सकाळी दुसरी बाजू ओढली की होडी परत काठाशी. दोर ओहोटीच्या खोलीपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट लागतो, म्हणून हे मधल्या आणि उभ्या उतारावरच जमतं.

तंबूची जागा म्हणजे भरतीच्या रेघेच्या वर, असं सगळे सांगतात. कोणत्या रेघेच्या? ओलं शेवाळ आणि फेस दाखवतात ती शेवटची भरती. त्याच्या वर वाळलेल्या काटक्यांची रेघ असते, ती मागच्या उधाणाची किंवा वादळाची. शिवाय दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. काही किनाऱ्यांवर रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा बरीच मोठी असते. म्हणून डोळ्यांच्या अंदाजापेक्षा मोजून घ्या. समोर मोकळं क्षितिज असेल तर हे वल्ह्याने होतं. एकाने पाण्याच्या काठावर वल्हं उभं धरायचं. दुसऱ्याने तंबूच्या जागी पालथं पडून, डोळा जमिनीलगत ठेवून, क्षितिजाची रेघ वल्ह्याला कुठे छेदते ते बघायचं. क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या पातळीत असतं, त्यामुळे वल्ह्याच्या खालच्या टोकापासून त्या छेदापर्यंतची उंची म्हणजे तंबूची जागा आत्ताच्या पाण्यापेक्षा तेवढी उंच. समजा ती २.२ मीटर आली आणि तक्त्यावरून आत्ताचं पाणी १.४ मीटरवर आहे. म्हणजे जागा ३.६ मीटरवर. रात्रीची भरती ३.१ असेल तर अर्धा मीटर शिल्लक. शांत रात्री तेवढं मला चालतं. स्वेल असेल तर नाही, कारण फुटलेली लाट उतारावर भरतीच्या पातळीच्या बरीच वर चढते. हवेचा दाब घसरला असेल तर तेही धरा: सरासरीपेक्षा दर एक हेक्टोपास्कल कमी म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जास्त पाणी, आणि समुद्राकडून जोराचा वारा असेल तर त्याहून अधिक.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात, कड्याखाली ताजे दगड पडलेले असतील तिथे आणि वाळलेल्या झाडाखाली तंबू नको, हे वेगळं सांगायला नको.

एक मात्र आवर्जून सांगते. भरतीच्या रेघेच्या किंचित वर, मोकळ्या वाळूत किंवा गोट्यांत, जिथे आपल्याला तंबूला सपाट जागा दिसते, तिथेच कुररी, शंखिणी आणि चिखल्या हे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता उथळ खळगा, आणि अंडी गोट्यांच्याच रंगाची. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असतील किंवा पंख मोडल्याचं सोंग करत पुढे पळत असतील तर तुम्ही त्यांच्या घरट्यापाशी उभे आहात. लगेच, आल्या वाटेने मागे फिरा आणि दुसरी जागा घ्या, उन्हं कलली असली तरीही. कासवांच्या मोसमात पुळणीवर दिवा नको. अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे जातात. वाळूच्या टेकड्यांवरच्या गवतावर तंबू ठोकू नका, वाळू त्याच मुळांनी धरलेली असते.

परवानगीचे नियम देशोदेशी इतके वेगळे आहेत की एकीकडचा अनुभव दुसरीकडे लावता येत नाही. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर तंबू टाकता येतो, पण राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर, आणि वस्तीच्या भागात मालकाला न विचारता दोन रात्रींपर्यंतच. अमेरिकेतल्या मेन राज्यात उलट, ओहोटीच्या रेघेपर्यंतची जमीनही खासगी असू शकते. तिथल्या मेन आयलंड ट्रेलवर मालकांच्या संमतीने लहान होड्यांसाठी बेटांवरच्या जागा खुल्या केल्या आहेत. निघण्याआधी त्या किनाऱ्याचा नियम वाचा, अभयारण्य आणि प्रवेशबंदी कुठे आहे ते नकाशावर उतरवून घ्या.

प्रत्येक रात्रीसाठी तीन जागा हाताशी असू द्या: ठरवलेली, तिच्या अलीकडची आणि वारा फिरला तर चालेल अशी. अंधाराच्या दोन तास आधी पोहोचा आणि शक्यतो पाणी चढत असताना आत शिरा, म्हणजे कुठे टेकलात तरी दहा मिनिटांत सुटका होते. जागा पटली नाही तर पुढची गाठायला उजेड शिल्लक असतो, आणि तो असल्याशिवाय माणूस न पटलेल्या जागेलाही हो म्हणतो.

आत शिरताना जीपीएसवर वाट नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. नांगर बसला की होकायंत्राने बाहेर पडण्याची दिशा घ्या: नांगरापासून तोंडापर्यंत किती अंश, किती मिनिटं वल्हवणं आणि कोणत्या बाजूला खडक. वारा फिरून रात्री दोनला निघावं लागलं तर तेव्हा विचार करायला वेळ नसतो. या तीन गोष्टी कागदावर लिहून टॉर्चबरोबर उशाशी ठेवा, आणि तंबूत झोपणार असाल तर होडीकडे जाणाऱ्या दोराचं टोक कुठे बांधलं आहे ते बरोबरच्या प्रत्येकाला दाखवून मगच झोपा.